एंजलची मारामारी: मोठ्याला काढायचं की जोडीला वेगळं करायचं?

एका मासे पाळणाऱ्याने लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी. त्यात पाच एंजल, म्हणजे चपट्या अंगाचे, लांब परांचे एंजलफिश, सगळे एकाच दिवशी आणलेले, आता साधारण दहा महिन्यांचे. (कोई, मार्बल, चंदेरी ही त्यांच्या रंगांची नावं.) आठवडाभरापासून मोठा कोई एंजल बाकीच्यांना टाकीच्या उजव्या अर्ध्या भागात फिरकू देत नाही. मार्बलच्या शेपटीच्या चिंध्या झाल्यात. तो दिवसभर हीटरच्या मागे उभा असतो, खायलाही येत नाही. ‘एक चंदेरी मात्र मोठ्याच्या आसपासच असतो, त्याला तो काही करत नाही,’ असंही जाता जाता लिहिलंय. दुकानदार म्हणतो, मोठ्याला काढून टाका. घरचे म्हणतात, आणखी चार मासे आणा, म्हणजे मार वाटला जाईल.

दोन्ही सल्ले आज बाजूला ठेवा. आज फक्त मार्बलला बाहेर काढा.

एंजल मार खाऊन जागच्या जागी मरत नाही. तो दबून राहतो, उपाशी राहतो, फाटलेल्या परांवर बुरशी धरते, आणि एखाद्या सकाळी तळाशी आडवा सापडतो. पर मिटून, तोंड जरा वर करून, पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात चिकटून उभा असलेला आणि खाद्य समोर पडलं तरी न हलणारा मासा म्हणजे वेळ थोडा उरलाय असं समजायचं. त्यातून हा हीटरमागे लपतोय. चालू हीटरची काच चांगलीच तापते आणि तिला टेकून राहिलेल्या माशाच्या अंगावर भाजल्याचा पांढरट चट्टा उठतो. हीटरवर बसवायची प्लास्टिकची जाळीदार नळी दुकानात मिळते. एंजल असलेल्या टाकीत ती असावीच.

पकडताना साध्या जाळीने पाठलाग करू नका. पोटाखालचे दोन दोऱ्यासारखे पर जाळीच्या विणीत अडकून तुटतात. संध्याकाळी दिवा मालवा, मोठ्या तोंडाची पारदर्शक बरणी पाण्यात आडवी धरा आणि दुसऱ्या हाताने माशाला हळूच तिच्याकडे वळवा. मार खाल्लेला मासा आडोसा शोधतच असतो, तो आपणहून आत जातो.

त्याच्यासाठी वीस-पंचवीस लिटरचा प्लास्टिकचा डबा पुरतो. डब्यात पाणी मोठ्या टाकीतलंच भरा. टाकीत आधीपासून चालू असलेला स्पंज फिल्टर असेल तर तोच इकडे आणा. नव्या कोऱ्या स्पंजवर माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात, त्यामुळे तो लावलात तर रोज चौथा हिस्सा पाणी बदलावं लागेल. लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने खडे मीठ, म्हणजे वीस लिटरला वीस ग्रॅम. अंदाजपंचे नको, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. बाहेर मगभर पाण्यात विरघळवून दिवसभरात दोन-तीन वेळा थोडं थोडं घाला. डब्याच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र चिकटवा, दिवा लावू नका. परांचा फक्त पडदा फाटला असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत फाटलेल्या कडेला काचेसारखी पारदर्शक वाढ दिसायला लागते. कड कापसासारखी पांढरी झाली किंवा मुळाशी लाल रेघा दिसल्या, तर ते दुखणं नुसत्या मारापुढे गेलेलं असतं. मग मिथिलीन ब्लू (बुरशीवरचं निळं औषध) किंवा जिवाणूवरचं औषध लागतं, आणि ते याच डब्यात द्यायचं. मोठ्या टाकीत मिथिलीन ब्लू टाकलं तर सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे होतात आणि फिल्टरमधले चांगले जिवाणूही मरतात.

मार्बलची सोय झाली. आता मोठ्याकडे वळू.

एंजल दिसायला कितीही नाजूक असला तरी तो सिक्लिड, म्हणजे हद्दीसाठी भांडणाऱ्या माशांच्या कुळातला. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न हे भांडखोर मासेही याच कुळातले. दुकानात तो ‘सगळ्यांबरोबर राहतो’ म्हणून विकला जातो आणि त्या वेळी ते खोटंही नसतं, कारण तो नाण्याएवढा असतो. त्या वयातले एंजल घोळक्याने फिरतात, थोडी ढकलाढकली करतात आणि विसरून जातात. आठ-दहा महिन्यांच्या सुमारास ते वयात येतात आणि टाकीतलं सगळं गणित बदलतं. त्याच वेळी आपल्याला वाटतं, इतके दिवस गुण्यागोविंदाने राहिलेले मासे अचानक का बिघडले?

बिघडलेलं काहीच नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या संथ पाण्यात, बुडालेल्या फांद्या आणि उभ्या पाणवनस्पतींच्या गर्दीत या माशाचं घर. कागदासारखं चपटं अंग आणि उभे काळे पट्टे हे त्या उभ्या देठांमध्ये मिसळून जाण्यासाठीच. जोडी जमली की ती एखादं उभं पान किंवा फांदी धरते आणि तिच्याभोवतीचं पाणी राखते. दुसरा एंजल जवळ आला तर त्याला हुसकावते. तिथे हुसकावलेला मासा लांब निघून जातो, नजरेआड होतो आणि भांडण मिटतं. तीन फुटांच्या काचेत तो जाऊन जाऊन जाणार कुठे? पळून पळून तो समोरच्या कोपऱ्यात पोचतो आणि तिथूनही दिसतच राहतो. मोठ्याच्या दृष्टीने तो अजून हद्दीतच आहे. म्हणून मारणारा थांबत नाही.

त्यामुळे ‘कोण मारतोय’ या प्रश्नाने फारसं काही हाती लागत नाही. कशासाठी मारतोय आणि कुठवर मारतोय, हे बघायला हवं. टाकीपासून पाच-सहा फुटांवर खुर्ची टाका. जवळ बसलात तर सगळे खाद्याच्या आशेने तुमच्या समोर येतील आणि काहीच कळणार नाही. कागदावर टाकीचा चौकोन काढा, फिल्टर, हीटर, लाकूड, झाडं कुठे आहेत ते मांडा. अर्धा तास प्रत्येक पाठलाग कुठे सुरू झाला आणि कुठे संपला याच्या रेघा ओढा. हे पोरकट वाटेल, पण त्या कागदावर उत्तर निघतं. सगळ्या रेघा एका ठिकाणाहून निघून एका ठरावीक सीमेपाशी थांबत असतील, तर भांडण जागेचं आहे. रेघा टाकीभर असतील आणि प्रत्येकीच्या शेवटी एकच मासा असेल, तर एकट्या दुबळ्याला धरलंय. खाद्य टाकल्यावरची पाच मिनिटंच गडबड असेल, तर ते फक्त भुकेचं आहे आणि त्याचा उपाय सोपा आहे.

तुमच्या बाबतीत मला कागदाचीही फारशी गरज वाटत नाही. ‘एक चंदेरी आसपास असतो, त्याला तो काही करत नाही,’ या एका वाक्यात बरंच आलं. तुमच्या टाकीत जोडी जमलीय.

खात्री करायची असेल तर उजव्या बाजूच्या उभ्या वस्तूंवर नजर ठेवा. फिल्टरची नळी, हीटर, ॲमेझॉन स्वोर्डचं रुंद पान, नाहीतर मागची काच. जोडी अंडी घालण्याच्या एक-दोन दिवस आधी ती जागा साफ करते. दोघं आळीपाळीने नळीसमोर येतात, ओठांनी तिचा एकेक तुकडा खरवडतात, जरा मागे सरकून बघितल्यासारखं करतात आणि पुन्हा खरवडतात. काही वेळा मधेच दोघांपैकी एकाच्या अंगाला बारीक थरथर सुटते. हे सगळं चालू असताना तिसरा मासा सीमेजवळ दिसला की एक जण साफसफाई सोडून बाणासारखा सुटतो, दुसरा तिथेच राखण करतो. अंडी घालायच्या सुमारास पोटाखाली एक छोटी नळीही बाहेर येते. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. एरवी एंजलमध्ये नर-मादी ओळखणं फसवं आहे. कपाळाच्या उंचवट्यावरून सांगणारे भेटतील, पण त्यावर पैज लावू नका. दोन माद्याही जोडी जमवतात, जागा राखतात, दोघी मिळून अंड्यांचा सडा घालतात आणि ती सगळी पांढरी पडतात. मारामारीच्या बाबतीत ती जोडी खऱ्या जोडीइतकीच कडक असते.

काय बघून घाबरायचं आणि काय सोडून द्यायचं, तेही सांगतो. दोन एंजल शेजारी शेजारी उभे राहून सगळे पर ताणतात, शेपटीने एकमेकांच्या अंगावर पाण्याचा धक्का मारतात, हे चालायचंच. यात कोणाला जखम होत नाही आणि न लढता निकाल लागतो. एक फुटाचा छोटा पाठलाग आणि मग दोघंही आपापल्या कामाला, हेही चालतं. तोंडात तोंड अडकवणं जरा पुढचं. एकमेकांचा ओठ धरून दोघं मागे-पुढे रेटतात, कधी पूर्ण आडवे होतात, आणि सुटल्यावर हरलेला पर मिटून बाजूला होतो. बरोबरीच्या दोघांत एकदोनदा झालं तर तो क्रम ठरवण्याचा प्रकार. जोडी जमताना नर-मादीही हे करतात. पण दिवसातून अनेकदा, लांबत जाणारं, ओठांवर पांढरं सोलपटलेलं कातडं दिसणारं असेल, तर मधे पडा. जबडा दुखावला की मासा खाऊ शकत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे हरलेला पर मिटून शरण आला तरी त्याच्या कुशीवर आणि डोळ्यावर ठोसे मारत राहणं. तुमच्या मार्बलचं तेच झालंय.

आता दुकानदाराचा सल्ला. मोठ्याला काढलं तर काय होईल? जोडी नसेल, नुसती दादागिरी असेल, तर बहुतेक वेळा दोन क्रमांकाचा मासा त्याची जागा घेतो आणि महिन्याभरात तुम्ही त्याच्याबद्दल विचारत असता. जोडी असेल तर जमलेली जोडी मोडते. चंदेरी एकटा पडतो, आणि काल ज्यांना त्याने साथीदाराबरोबर हुसकावलं तेच त्याला धरतात. घरच्यांचा सल्ला आणखी महाग पडेल. ‘संख्या वाढवली की मार वाटला जातो’ हे खरं, पण ते मोठ्या टाकीत, जोडी जमण्याआधी. तुमच्या टाकीचं पाणी काठोकाठ भरलं तरी एकशे नव्वद लिटरच्या आसपास. त्यात वयात आलेले नऊ एंजल म्हणजे मार वाटला जाईल तो जाईल, पाणीही खराब होईल.

तीन फुटांत वयात आलेली एक जोडी आणि इतर एंजल, ही दोन बिऱ्हाडं एका खोलीत राहत नाहीत. वेगळं करावंच लागतं. प्रश्न फक्त कोणाला हलवायचं इतकाच.

मी जोडीला हलवीन. दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टाकी, म्हणजे पंचाऐंशी लिटर, एका जोडीला पुरते. उंची मात्र कमी करू नका. वाढलेल्या एंजलची वरच्या पराच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची उंची सहज वीस सेंटिमीटरपर्यंत जाते आणि एक फुटी टाकीत तळाची खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की त्याला वळायला जागा राहत नाही. जोडीला हलवण्याचा फायदा असा की त्यांची हद्द सुटते, आणि मागे राहिलेल्यांना ओळखीच्या जागेत मोकळा श्वास मिळतो. तोटा असा की क्वचित हलवल्यावर जोडी बिनसते. म्हणून दोघांना एकाच वेळी, एकाच संध्याकाळी हलवा, आणि नव्या टाकीत जुन्या टाकीतली एखादी ओळखीची वस्तू ठेवा. ते साफ करत होते ती नळी किंवा पान असेल तर उत्तमच.

जागा नसेल, दुसरी टाकी घरात चालणार नसेल, तर उलटं करा. जोडीला तीन फुटीतच राहू द्या आणि बाकीचे तिघे कोणाला तरी द्या. तीन फुटी टाकीत एकच जोडी आणि तळाशी पाच-सहा कोरीडोरास (तळाला राहणारे छोटे, शांत मासे), हे दिसायला रिकामं वाटेल म्हणून लोक नाखूश असतात. माझ्या मते एंजल बघायचा तर असाच. पाच जणांच्या टाकीत तुम्ही चौघांची भीती बघत असता.

तिसरा मार्ग मधोमध जाळीचा पडदा, तोही तात्पुरता. ट्यूबलाइटच्या पट्टीखाली लावतात तसली चौकोनी घरांची प्लास्टिकची जाळी मापाने कापून काचेच्या दोन बाजूंना सक्शन कपने बसवता येते. खाली खडीत नीट रोवा. एंजल इतका चपटा असतो की बोटभर फटीतून निघून जातो. आणि फिल्टर एकाच बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूला हवेचा दगड (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा) द्या.

जोडी गेल्यावर मोठ्या टाकीत तिघे राहतील, मार्बल बरा होऊन परत आला की. तीन हा एंजलसाठी नेहमीच अवघड आकडा. दोघांचं जमलं की तिसरा बळी. सध्या त्यांना राहू द्या, पण पुढच्या काही महिन्यांत पुन्हा एक जोडी उभी राहिली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. मोठा घोळका पाळायचाच असेल तर चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टाकी लागते, साधारण तीनशे चाळीस लिटर. त्यात सहा एंजल बऱ्यापैकी निभतात, तेही एकत्र वाढलेले असतील आणि आत पुरेसा आडोसा असेल तर.

आडोशाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे लोक पैसे भलतीकडे घालवतात. किल्ले, बुडबुडे सोडणारी पेटी, कवटी, गुहा, हे सगळं तळाशी असतं. एंजल मधल्या आणि वरच्या पाण्यात राहतो. त्याला तळाच्या गुहेचा काही उपयोग नाही. त्याला उभा आडोसा हवा, खालपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत. वॅलिस्नेरिया या लांब, पट्टीसारख्या पानांच्या पाणवनस्पतीची रांग टाकीच्या मधोमध आडवी लावा, मागच्या काचेला समांतर नको. उभं ठेवलेलं लाकूड, मोठा ॲमेझॉन स्वोर्ड. काहीच जमत नसेल तर टाकीच्या काठावरून मनी प्लांटच्या वेली आत सोडा. फक्त मुळं पाण्यात, पानं बाहेर. दोन महिन्यांत मुळांचा दाट पडदा लोंबायला लागतो, तो नजर तोडतो आणि पाण्यातलं नायट्रेटही खातो. कसोटी अशी: टाकीच्या लांबीच्या एका टोकाला डोळा लावून बघा. दुसऱ्या टोकापर्यंत आरपार दिसत असेल, तर मोठ्या एंजललाही दिसतंय.

मांडणी बदलून हद्द मोडण्याचा उपाय तुम्ही कुठेतरी ऐकला असेल. तो खरा आहे, पण जोडी नसताना. एकट्या दादासाठी मी असं करतो: त्याला आठ-दहा दिवस दुसऱ्या डब्यात ठेवायचं, तेवढ्यात मोठ्या टाकीतली लाकडं, झाडं, फिल्टरची बाजू, सगळं हलवायचं, आणि दिवा मालवल्यावर त्याला परत सोडायचं. आता तो टाकीत नवखा असतो आणि बाकीचे जुने. बऱ्याचदा तेवढ्याने माज उतरतो. अंड्यांवर आलेल्या जोडीपुढे मात्र हे चालत नाही. तुम्ही लाकूड डावीकडे ठेवा, ते दोन दिवसांत डाव्या बाजूची मालकी घेतील.

पाणी, तापमान, खाद्य यांचं थोडक्यात. तापमान सव्वीस ते अठ्ठावीस अंश ठेवा. उन्हाळ्यात टाकीचं पाणी तीस-बत्तीसपर्यंत चढतं, मासे जास्त तापट होतात आणि पाण्यातला प्राणवायूही कमी होतो. झाकण थोडं उघडं ठेवून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतं. पाणी बदलल्यावर दोन दिवसांत मारामारी वाढते असं वाटत असेल, तर तो भास नव्हे. ताजं, किंचित गार पाणी जोडीला अंडी घालायला उद्युक्त करतं. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असायला हवेत. खराब पाण्यात एंजल लढण्याआधी धापा टाकतो, तेव्हा वेगाने हलणारे कल्ले बघून त्याला राग समजू नका. खाद्य दिवसातून दोन-तीन वेळा थोडं थोडं, आणि एकाच वेळी दोन टोकांना टाका. मोठा एका टोकाला गुंतला की दुसऱ्या टोकाचे दोन घास खाऊन घेतात.

एक वेगळीच शक्यताही तपासा. तुमच्या टाकीत सकर आहे का? काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा, ज्याला दुकानात काही जण क्रोकोडाइल म्हणतात, तो. मोठा झालेला सकर रात्री एंजलसारख्या चपट्या, संथ माशाच्या कुशीला चिकटून अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. सकाळी माशाच्या दोन्ही कुशींवर गोलसर, खवले गेलेले चट्टे दिसतात आणि आळ मोठ्या एंजलवर जातो. एंजलच्या मारामुळे पर फाटतात, डोळा किंवा ओठ सोलवटतो, खवले तुरळक गळतात. कुशीवर मधोमध गोल चट्टा म्हणजे रात्री टॉर्च घेऊन बघायची वेळ. टायगर बार्ब हा पट्टेरी मासाही असाच चोर. तो एंजलचे लांब पर कुरतडतो, विशेषतः लांब झालरीसारख्या परांच्या ‘व्हेल टेल’ एंजलचे. उलट बाजूने, निऑन टेट्रा हे बारके मासे वाढलेल्या एंजलबरोबर ठेवले तर ते हळूहळू कमी होत जातात. त्याला मारामारी म्हणत नाहीत, जेवण म्हणतात.

जोडी वेगळी केल्यावर तुमची पुढची तक्रार काय असेल, तीही सांगून ठेवतो: ‘आता हे दोघंच भांडतायत.’ नवी जोडी पहिली दोन-चार वेळा अंडी खाऊन टाकते. एक खातो, दुसरा त्याला मारतो, किंवा दोघं मिळून खातात आणि मग एकमेकांना धरतात. नर आधी तयार आणि मादी नाही, असं असेल तर तो तिला रेटत राहतो. त्यांना लगेच कायमचं तोडू नका. मधे जाळी घाला, चार-पाच दिवस एकमेकांना बघू द्या, दोघांना भरपूर खायला द्या आणि मग जाळी काढा. तरीही तिच्या कुशीवर ठोसे थांबत नसतील, तर ती जोडी नाही. जमलेल्या सगळ्या जोड्या टिकतातच असं नाही.

अंडी टिकवायची असतील तर रात्री एक अगदी मंद दिवा चालू ठेवा. पूर्ण अंधारात आई-बापांना अंड्यांवर राखण करता येत नाही. अठ्ठावीस अंशांच्या आसपास साधारण दोन-अडीच दिवसांत अंडी फुटतात, पिल्लं शेपटी हलवत नळीला लोंबत राहतात आणि आणखी चार-पाच दिवसांनी पोहायला लागतात. या सबंध काळात टाकीत हात घालू नका. एंजल तुमच्या बोटांवरही धावून येईल, आणि तुम्ही गेल्यावर तो राग जोडीदारावर निघेल. अंडी नकोच असतील तर ती तशीच राहू द्या, दोघं खाऊन टाकतील. दर वेळी लगेच काढून घेतलीत तर एक-दोन आठवड्यांत पुन्हा घालतील, म्हणजे साफसफाई, राखण आणि चिडचिड पुन्हा पहिल्यापासून.

मार्बल बरा झाला आणि खायला लागला की घाईने परत सोडू नका. जोडी दुसऱ्या टाकीत गेलेली असली तरी मागे राहिलेल्या दोघांनी तोवर टाकी वाटून घेतलेली असते. सोडायच्या दिवशी मांडणी थोडी बदला, दिवा मालवा, आधी सगळ्यांना पोटभर खायला द्या, आणि सकाळपर्यंत दिवा लावू नका. पहिल्या दोन दिवसांत किरकोळ पाठलाग होईल. त्याने खाद्यासाठी इतरांबरोबर वर यायला सुरुवात केली की झालं. चौथ्या दिवशीही तो कोपऱ्यातच असेल, तर त्याला तिथे जागा नाही.

अशा वेळी त्याला, किंवा जास्तीच्या कोणालाही, नदी-तलावात मात्र सोडू नका. दक्षिण अमेरिकेतला सकर आपल्या जलाशयांत मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो तो लोकांच्या असल्याच दयेमुळे. वाढलेला, निरोगी एंजल दुकानदार सहसा परत घेतो. पैसे फारसे देणार नाही, बदल्यात खाद्याचा डबा देईल, तो घ्या. नेताना प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत, एक तृतीयांश पाणी, बाकी हवा. एकाच पिशवीत दोन एंजल घातलेत, तर दुकानापर्यंतच्या अर्ध्या तासात ते उरलेलं भांडण तिथेच पुरं करतील. नेण्याच्या दिवशी त्यांना खायला देऊ नका, नाहीतर पिशवीतलं पाणी वाटेतच नासेल.